परदेशी निघालेल्या शिक्षकाची पेटी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त अभनपुर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा साठ वर्षांची होते तेव्हा तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत गावांच्या नावांशेजारी देशांची नावेही दिसू लागतात. त्यांतील काहीजण शिक्षकी पेशा पत्करून आखाती देशांतील भारतीय शाळांत, आफ्रिकेतील महाविद्यालयांत किंवा इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत शिकवायला जातात. नेमणुकीचे पत्र येते, व्हिसा मिळतो, आणि घराच्या मधल्या खोलीत एक पेटी उघडी पडते. आई तिच्यात एक वस्तू ठेवते, वडील वजनकाट्याकडे पाहून दुसरी काढतात. पुस्तके न्यावीत की पापड, दागिने बरोबर असावेत की लॉकरमध्ये, आजोबांची पोथी कोणत्या कपड्यात गुंडाळावी, अशी चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांचा विचार मात्र या सगळ्यात शेवटी आणि धास्तीपोटी होतो. आजचे विवेचन त्या उघड्या पेटीविषयी आहे. तिच्यात काय न्यावे, काय नेऊ नये आणि नेलेले कसे सांगावे, एवढाच त्याचा आवाका आहे.

जकात या भागाला नवी नाही. छत्तीसगडात तिला चुंगी म्हणतात. इंग्रजी अमलात सिंधू नदीपासून आपल्या महानदीपर्यंत एक अंतर्गत जकातरेषा होती. तिची लांबी दोन हजार मैलांहून अधिक होती. पलीकडून येणाऱ्या मिठावर आणि इकडून बाहेर जाणाऱ्या साखरेवर तेथे कर घेतला जाई. रेषेच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढवलेले होते आणि सुमारे बारा हजार माणसे तिची राखण करीत. १८७९ साली ती रेषा मोडली. ज्या नदीच्या काठी राजिमची माघी जत्रा भरते, त्याच नदीपाशी कधीकाळी एवढा मोठा पहारा येऊन थांबत होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या पहाऱ्याने लोकांच्या मनात जकातीची जी भीती रुजवली, ती विमानतळावरच्या आजच्या माणसाच्या मनातही थोडीशी शिल्लक आहे. मिठाची चिमूट लपवावी लागत होती त्या काळी ती भीती रास्त होती. आज परदेशी निघालेल्या शिक्षकाला मात्र तिचा तोटाच होतो.

याचे कारण जगातील बहुतेक देशांच्या सीमाशुल्क कायद्यांनी एक जुना भेद मान्य केलेला आहे. व्यापारासाठी आणलेला माल वेगळा आणि माणसाचे स्वतःचे सामान वेगळे. दोन्ही पेट्यांत एकच वस्तू असली तरी तिच्याविषयीचे प्रश्न निरनिराळे असतात. सामानाच्या बाबतीत अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. वस्तू कोणाची आहे, ती किती दिवस वापरात आहे आणि ती कशासाठी आणली आहे. या तीन प्रश्नांना खरे आणि लेखी उत्तर तयार असेल, तर शिक्षकाचे सामान बहुधा करमुक्त ठरते. उत्तर नसेल, तर जुनी शालही माल ठरू शकते.

मराठी माणसाने शिक्षणाच्या कामासाठी परदेशी जाण्याची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचा आधार घेतला होता. आधी वाँटेज येथे आणि नंतर चेल्टनम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांचा मुक्काम झाला. तेथे त्या शिकल्याही आणि संस्कृतही शिकवू लागल्या. त्या परक्या देशात त्यांनी शाकाहार सोडला नाही. पेटीत काय होते, यापेक्षा काय सोडायचे नाही हे ठरवून त्या गेल्या होत्या.

दुसरे उदाहरण आजच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. ज्ञानाच्या ओढीने ते घराबाहेर पडले आणि पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत पुढे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे राहून त्यांनी पाली ग्रंथांचा अभ्यास केला. १९१० साली हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी विद्वानाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. १८९९ साली वॉरन यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. ते तडीस नेण्यासाठी पाली उत्तम जाणणारा आणि ब्रह्मी व सिंहली लिपींतील हस्तलिखिते सहज वाचणारा माणूस हवा होता. कोसंबींनी ते शिक्षण त्या त्या देशांतील विहारांत राहून घेतले होते. अमेरिकेच्या वाऱ्या त्यांना पुढेही कराव्या लागल्या. १९१८ मध्ये ते मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना घेऊन गेले. दामोदर म्हणजेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झालेले डी. डी. कोसंबी. १९२९ मध्ये धर्मानंदांनी लेनिनग्राड येथे जाऊन पाली शिकवली. ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती मात्र १९५० साली निघाली, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.

कोसंबी अमेरिकेत उतरले तेव्हा तेथे १९०९ चा जकात कायदा लागू होता. संरक्षक आणि कडक कर लावणारा म्हणून तो ओळखला जाई. तरीही त्यातील करमुक्त वस्तूंच्या यादीत, देशात वस्तीला येणाऱ्या माणसाबरोबर असलेली त्याच्या पेशाची पुस्तके, उपकरणे आणि हत्यारे यांना स्थान होते. सुताराच्या रंध्याला आणि विद्वानाच्या कोशाला त्या यादीने एकाच ओळीत बसवले होते. आपल्या पेशाचे साधन घेऊन येणारा माणूस ते विकायला येत नाही, काम करायला येतो, एवढी समज त्या ओळीत आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, दर बदलले, कायदे बदलले, पण अमेरिकी सूचीत ही सवलत आजही आहे. परदेशात किमान एक वर्ष वापरलेल्या घरगुती सामानालाही तेथे करमाफी मिळते. अट अशी की ते सामान दुसऱ्या कोणासाठी किंवा विक्रीसाठी आणलेले नसावे.

इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच तत्त्व दिसते. ब्रिटनमध्ये स्थलांतर करणाऱ्याने सामान किमान सहा महिने स्वतः बाळगलेले आणि वापरलेले असावे आणि आधीचे बारा महिने तो ब्रिटनबाहेर राहिलेला असावा. सवलतीचा अर्ज सामान पोचण्यापूर्वी करावा लागतो आणि करमुक्त आणलेली वस्तू पुढे बारा महिने विकता येत नाही. युरोपीय संघाचे नियम जवळजवळ असेच आहेत. ऑस्ट्रेलिया मागाहून येणाऱ्या सामानासाठी एक वर्षाचा वापर पाहते. जपानमध्ये सामान मागाहून बोटीने येणार असेल, तर ते विमानतळावर उतरतानाच घोषणापत्राच्या दोन प्रती भरून सांगावे लागते. ती संधी हुकली की घरातली भांडी आयात माल म्हणून मोजली जाण्याची वेळ येते. पुस्तकांच्या बाबतीत जग आणखी उदार आहे. युनेस्कोने १९५० साली मान्य केलेल्या फ्लॉरेन्स करारानुसार सदस्य देश पुस्तकांवर आयातशुल्क घेत नाहीत.

या साऱ्यातून पालकांनी घ्यायचा पहिला धडा अगदी घरगुती आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाजारातून नवे सामान आणून, किमतीच्या चिठ्ठ्यांसह पेटीत भरणे सोयीचे वाटते, पण सवलत वापरलेल्या वस्तूला आहे. नवा प्रेशर कुकर, नवे मिक्सर आणि वेष्टनातल्या सहा साड्या पाहून अधिकाऱ्याने ‘हे कोणासाठी?’ असे विचारले, तर त्यात त्याचा दोष नाही. जे न्यायचे ते शक्यतो आधी घ्यावे आणि वापरावे. मोठ्या वस्तूंच्या पावत्या जपाव्यात, कारण वापराचा काळ त्यांच्यावरूनच सिद्ध होतो.

दुसरा धडा यादीचा. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा. त्या पेटीतील वस्तू, त्यांची संख्या, अंदाजे किंमत आणि खरेदीचे वर्ष इंग्रजीत लिहून काढावे. ‘इतर सामान’ असे मोघम लिहू नये. शिक्षकाने पेशाची साधने वेगळ्या शीर्षकाखाली लिहावीत. पाठ्यपुस्तके, कोश, स्वतःच्या टिपणांच्या वह्या, नकाशे, भूमितीची पेटी, संगीतशिक्षकाची हार्मोनियम, चित्रकलाशिक्षकाचे कुंचले. यादीच्या दोन प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात आणि त्यांच्यासोबत नेमणुकीचे पत्र व मूळ प्रमाणपत्रे ठेवावीत. ती कधीही पेटीत टाकून पाठवू नयेत. रायपूरच्या माना विमानतळावरून निघून दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलणाऱ्याची पेटी कधीकधी त्याच्या आधी पोचते, कधी दोन दिवस मागे राहते. कागद मात्र माणसाबरोबरच असले पाहिजेत.

तिसरा धडा स्वयंपाकघराचा, आणि येथे भावना दुखावण्याची शक्यता अधिक. दिवाळीच्या सुमारास निघालेल्या मुलाला आई अनारसे देणारच. पण अनारशावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते. सिंगापूरमध्येही तिला मज्जाव आहे. आपल्या घरात जी मसाल्याच्या डब्यातली निरुपद्रवी पुडी असते, तिच्यावरून तेथे अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. आखाती देशांत शिकवायला जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली खोकल्याची आणि वेदनेची औषधेही तेथे पूर्वपरवानगीविना नेता येत नाहीत. कोणतेही औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश बी-बियाणे, माती, लाकूड आणि दुधाचे पदार्थ यांबाबत फार काटेकोर आहेत. तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती, कढीपत्त्याची डहाळी, खव्याचे पेढे यांत पाप काही नाही, पण त्यांतून जाणारी कीड किंवा रोग त्या देशाच्या शेतीला आणि गुराढोरांना नडू शकतो. २०२१ साली वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या प्रवाशाने मागे सोडलेल्या एका बॅगेत गोवऱ्या सापडल्या आणि त्या नष्ट करण्यात आल्या. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीने छापली. अधिकाऱ्यांना मात्र त्यात गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाचा धोका दिसत होता. भातशेतीच्या प्रदेशातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या शेतात रोगट बियाणे आलेले आपल्यालाही चालत नाही. आपल्या देशाबाहेर न्यायला बंदी असलेल्या वस्तूही आहेत. देवघरातले मोरपीस त्यांतलेच एक.

चौथी गोष्ट सोन्याची. मुलगी लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त निघाली की मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या बरोबर जातात. जाताना कोणी अडवत नाही. अडचण येते ती परतताना. दोन-तीन वर्षांनी तेच दागिने घेऊन ती उतरते, तेव्हा ते इथूनच नेलेले आहेत हे सिद्ध करण्याचा पुरावा तिच्याजवळ नसतो. यासाठी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. सराफाकडून मूल्यांकन आणि छायाचित्रे आधी करून घ्यावीत, दागिने हातात ठेवावेत आणि पेट्या विमानात देण्यापूर्वी हे काम उरकावे. त्यासाठी एखादा तास अधिक लागतो. २०१६ च्या बॅगेज नियमांनी एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिन्यांची मुभा दिली, पण त्याबरोबर अनुक्रमे १ लाख आणि ५० हजार रुपयांची किंमतमर्यादाही घातली. पुढे सोन्याचा भाव इतका वाढला की वजनाच्या मर्यादेत बसणारे दागिने किमतीच्या मर्यादेबाहेर जाऊ लागले. अशा रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून निघताना आणि परतताना त्या दिवशीचा नियम पाहावा. प्रमाणपत्र मात्र भाव कितीही वाढला तरी कामाला येते.

या सगळ्यानंतर कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधले पाहिजे. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार सामानाची घोषणा करणे हे सामानाच्या मालकाचे काम आहे. ८० व्या कलमात एक दिलासा आहे. एखाद्या वस्तूवर कर असेल किंवा तिला बंदी असेल, पण प्रवाशाने ती खरेपणाने सांगितली असेल, तर अधिकारी ती वस्तू ताब्यात ठेवून देश सोडताना परत देऊ शकतो. ही सोय खरे सांगणाऱ्याला आहे, लपवणाऱ्याला नाही. एकाच वस्तूचे दोन प्रवाशांच्या हातून दोन निकाल लागतात, आणि फरक पडतो तो एका वाक्याने. मुलांना वर्गात खरे बोलायला शिकवणाऱ्याने ते वाक्य उच्चारताना अडखळण्याचे कारण नाही.

आता शेवटची आणि सर्वांत नाजूक वस्तू, आजोबांची पोथी. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने वाङ्मयीन, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोलाचे हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ते स्वतःच्या मालकीचे असले, पणजोबांच्या हातचे असले, विकण्याचा विचारही मनात नसला, तरी हा नियम लागू आहे. सुरुवातीला सांगितलेले तीन प्रश्न येथे उपयोगी पडत नाहीत. नियम मोडणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वस्तू जुनी दिसते पण प्राचीन नाही, अशी खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला मिळतो. पितळी समई, जुना देव्हारा किंवा पंचधातूची मूर्ती नेणाऱ्याने तो आधीच घ्यावा.

हा कायदा जाचक वाटेल, पण त्यामागे मोठे दुःख आहे. कोसंबींच्या काळी आशियातील पोथ्या बोटींत चढून युरोप-अमेरिकेच्या ग्रंथालयांत जात होत्या आणि त्यांना कोणी अडवत नव्हते. पोथ्या आधी गेल्या, मग त्या वाचण्यासाठी गोव्याच्या एका माणसाला सात समुद्र ओलांडावे लागले. आजचा कायदा पोथीला घरी थांबवतो. तिची छायाचित्रे, स्कॅन केलेली पाने मात्र शिक्षक खुशाल नेऊ शकतो. एका बोटाएवढ्या साधनात आख्खी दप्तरे मावतात, त्यांवर कर नाही आणि बंदीही नाही. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनने देशभरच्या हस्तलिखितांची नोंद करण्याचे काम हाती घेतले, ते याच जाणिवेतून.

येथे छत्तीसगडातल्या मराठी घरांवर एक वेगळी जबाबदारी येते. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होती. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्या कारभाराची लिपी मोडी होती. जमिनीचे कागद, हिशेबाच्या वह्या, खाजगी पत्रे, पूजेच्या पोथ्या असे जे काही ज्यांच्या माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेले असेल, ते आता देशाबाहेर जाणार नाही. पण ते वाचणार कोण? मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. आज ती वाचणारे फार थोडे उरले आहेत. हार्वर्डला कोसंबींची गरज पडली, कारण पोथी जवळ होती आणि लिपी येत नव्हती. तीच अवस्था आपल्याच माळ्यावर येणार असेल, तर कायद्याने पोथी वाचवूनही तिचा उपयोग होणार नाही.

म्हणून पालकहो, पेटी भरताना दोन याद्या करा. पहिली बरोबर न्यायच्या वस्तूंची, जी सीमाशुल्काच्या टेबलावर ठेवता येईल. दुसरी घरी ठेवायच्या वस्तूंची, ज्यांची छायाचित्रे काढून ठेवायची आणि ज्यांची काळजी मागे राहणाऱ्यांनी घ्यायची. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सवड आहे त्यांनी मोडी शिकावी. ती शिकणे वाटते तितके कठीण नाही. मराठी येणाऱ्या माणसाला काही महिन्यांच्या नियमित सरावाने ती वाचता येऊ लागते. या शाळेच्या एखाद्या वर्गात रविवारी सकाळी असा सराव सुरू झाला, तर हीरक महोत्सवाच्या वर्षातले ते एक चांगले काम ठरेल.

परदेशी जाऊन शिकवणाऱ्या सर्व माजी विद्यार्थ्यांचा प्रवास सुखाचा होवो.